शंभर टक्क्यांचा फलक

यंदा फलक लागला नाही. दहावीचा निकाल लागून आठवडा उलटला, तरी शाळेच्या फाटकावर गेल्या वर्षीच्या सुतळ्याच लोंबतायत. आमच्या सोसायटीला याचा केवढा घोर लागलाय म्हणून सांगू! ज्यांच्या घरातलं एकही मूल कधी त्या फाटकातून आत गेलं नाही, ती माणसं सकाळी दूध आणायला जाताना मान वर करून फाटकाकडे बघतात आणि येताना मला गाठून सांगतात, "तुमच्या शाळेचं काही खरं नाही हो यंदा." मी मान हलवते आणि पिशवीतली कोथिंबीर सारखी करते.

त्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊनही आता पाच वर्षं झाली, पण कर्वेनगरच्या आमच्या गल्लीत मी अजून 'शाळेच्या बाई'च आहे. शाळा आमच्यापासून चार इमारती सोडून. मराठी माध्यम, लहानशी संस्था, अनुदानावर चालणारी, फी नाही. फी नाही म्हटल्यावर लोकांनी तिला परस्पर सरकारी शाळा करून टाकलं, आणि सरकारी म्हटल्यावर तिच्याबद्दल बोलायला कोणाची परवानगी लागते? मुलं पिवळ्या बसनं कोथरूडच्या इंग्रजी शाळेत, आणि मतं मात्र इथल्या शाळेबद्दल. "मुलं फार आरडाओरडा करतात हो मधल्या सुट्टीत." "कुठून कुठून येतात, काय माहीत!" "शिक्षकांना काय, पगार चालू." हे शेवटचं माझ्यासमोर म्हणायचे, आणि वर, "तुम्ही नाही हो बाई, तुमचं वेगळं."

एकतीस वर्षांत सोसायटीतल्या कितीतरी बायकांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "कशी आहे हो तुमची शाळा?" मी उत्साहानं सांगायला लागले की पुढचं वाक्य यायचं, "नाही, आमच्या पोळ्यांच्या मावशींच्या मुलीसाठी विचारतेय." स्वतःच्या मुलीसाठी विचारणारी एक बाई मला भेटली नाही. आणि कशाला भेटेल? माझा स्वतःचा मुलगाही कोथरूडच्याच शाळेत शिकला. हे मी कोणाला आपणहून सांगत नाही, पण आता लिहायलाच बसले आहे तर लपवून काय करू?

मे महिना आला की लोकांना आंब्यांचा वास येतो, मला शिक्क्याच्या शाईचा येतो. आमच्याकडे एक मोसम असायचा दाखल्यांचा. एप्रिल संपत आलेला, मुलं परीक्षा देऊन गेलेली, वर्गात बाकं एकावर एक चढवून ठेवलेली. फळ्यावर शेवटच्या दिवसाची तारीख तशीच. ऑफिसात गरगरणारा पंखा दाखल्यांच्या पुस्तकाची पानं उडवायचा, म्हणून त्यावर पितळी घंटेचा हातोडा ठेवलेला असायचा. शिपाईमामा माठात वाळा टाकायचे. ते पाणी प्यायचं आणि दाखले लिहीत बसायचं. शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण, वर्तणूक, प्रगती. वर्तणुकीपुढे 'चांगली' लिहायचं, प्रगतीपुढे 'समाधानकारक', मग गोल शिक्का. माझं अक्षर बरं म्हणून हे काम माझ्याकडे यायचं, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. शांत काम होतं.

सात वर्षांपूर्वीच्या त्या मोसमात मात्र ते शांत राहिलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी आमचा दहावीचा निकाल एक्क्याण्णव टक्के लागला होता. वस्तीतून, दुकानांच्या वर राहणाऱ्या, चौकीदाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलांचा तो निकाल होता, आणि आम्ही त्या आकड्यासाठी रविवारी जादा तास घेतले होते. गल्लीनं काय म्हणावं? आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे लिमये काका, ऑफिसातून निवृत्त झालेले, सगळ्या जगाचा हिशेब ठेवणारे, मला म्हणाले, "म्हणजे नऊ टक्के नापासच की!" जूनमध्ये पाचवीला मुलं कमी आली. मुलं कमी झाली की तुकडी बंद होते, तुकडी बंद झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याला कुठे पाठवतील ते सांगता येत नाही. आमच्याकडे दोन तरुण शिक्षिका अशा काठावर होत्या. त्यातली एक रोज डबा खाताना रडायची.

म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी दार लोटून घेतलं आणि आम्हाला सांगितलं, "पुढच्या वर्षी शंभर टक्के लागला पाहिजे. कच्ची मुलं दहावीत जायला नकोत." नववीला नापास करायचं नाही, त्यानं बोंब होते. पालकांना बोलवायचं, 'पास करतो, पण दाखला घ्या' म्हणायचं आणि मुलाला सतरा नंबरच्या फॉर्मवर बाहेरून दहावीला बसवायला सांगायचं. बाहेरून बसणाऱ्यांचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत. एवढी साधी युक्ती. आजूबाजूच्या बऱ्याच शाळा करतात म्हणे. मी नववी ब ची वर्गशिक्षिका. माझ्या यादीत चार नावं होती आणि त्यातलं एक पायलचं.

पायल म्हणजे आमच्याच सोसायटीच्या वॉचमनची, गजाननरावांची मोठी मुलगी. वाशीमकडचं कुटुंब; नवरा, बायको आणि दोन मुली पार्किंगमागच्या एका खोलीत राहायचे. मुलगी मठ्ठ नव्हती. गावाकडून आली तेव्हा सातवी अर्धी बुडाली होती, आणि गणिताचं एकदा मागे पडलं की मूल प्रत्येक तासाला आणखी थोडं मागे पडत जातं. वर्गात पन्नास मुलं. मी कोणाकोणाजवळ थांबणार होते? अक्षर मात्र असं सुरेख की शाळेच्या भिंतीवरचा रोजचा सुविचार तीच लिहायची.

गजाननराव शाळेत आले ते गणवेशात. वॉचमनचा निळा शर्ट इस्त्री करून, टोपी हातात धरून. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. मी समजावून सांगितलं. समजावणं मला चांगलं जमतं, तोच माझा धंदा होता. म्हटलं, शाळेत राहिली तर दडपण येईल, नापास झाली तर कायमचा डाग. बाहेरून बसली तर आरामात अभ्यास करेल, परीक्षा तीच, प्रमाणपत्र तेच. त्यांनी एकदाही उलट विचारलं नाही.

"मॅडम, तुमी सांगसान तसं," ते म्हणाले. "तुमी तर आपल्याच बिल्डिंगमधल्या. तुमी काय वाईट सांगसान?"

अर्ज पालकाच्या हातचा लागतो. गजाननरावांना सहीपुरतं लिहिता यायचं. मी पायलकडे कागद सरकवला. "लिही गं, तुझं अक्षर छान आहे." आणि मी सांगत गेले, ती लिहीत गेली. 'मी माझी मुलगी पायल हिचा शाळा सोडल्याचा दाखला स्वखुशीने मागत आहे.' 'स्वखुशीने'पाशी तिचं पेन थांबलं. तिनं वर बघितलं. मी म्हटलं, "लिही, लिही, दहा मिनिटांत उरकायचंय, बाहेर माणसं थांबलीयत." तिनं लिहिलं. बापानं खाली सही केली. त्या दुपारी मी तिचा दाखला भरला. कारण: पालकांच्या विनंतीनुसार. वर्तणूक: चांगली. प्रगती: समाधानकारक. शाई वाळावी म्हणून मी त्यावर फुंकरसुद्धा मारली, चांगलं आठवतंय.

पुढचं वर्ष मी रोज तिच्यासमोरून गेले. ती गेटपाशी वडिलांच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून अभ्यास करायची, कारण खोलीत धाकटी बहीण कोमल दंगा करायची. कोमल तेव्हा चौथीत. मी भाजीची पिशवी घेऊन आत शिरताना विचारायचे, "काय गं, चाललाय ना अभ्यास?" ती म्हणायची, "हो बाई," आणि वहीवर तळहात ठेवायची. त्या हाताखाली कुठलं गणित अडलंय ते मला न बघता कळायचं, बोर्डाची पुस्तकं मला तोंडपाठ. दोन मजले वर माझं घर. संध्याकाळी मी रिकामी. "वर ये, मी सांगते" एवढं म्हणायला काय लागत होतं? नाही म्हटलं. लाज वाटायची. ती वर आली असती तर कधीतरी तिनं विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

शाळेच्या निरोप समारंभाच्या दिवशी दहावीच्या मुली आयांच्या साड्या नेसून आमच्या गेटवरून चालल्या होत्या. गजराही नीट माळता येत नव्हता एकीला. त्यांनी हाका मारल्या, "पायल, चल ना गं!" पायल गेट उघडत होती, एक गाडी आत यायची होती. म्हणाली, "मी शाळेत नाही ना आता." काही रडून वगैरे नाही, पत्ता सांगावा तसं सांगितलं. मी माझ्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातलं ओलं पातळ तसंच धरून उभी राहिले आणि मग आत गेले.

आणि मग निकाल! शंभर टक्के. फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फलक, त्यावर मुख्याध्यापकांचा फोटो मुलांच्या फोटोंपेक्षा मोठा. नव्या फलकाला रॉकेलसारखा एक उग्र वास येतो, तो दोन दिवस गल्लीत रेंगाळत होता. लिमये काकांनी माझा हात हातात घेऊन हलवला. "वा बाई! सुधारली हो शाळा. मी म्हणतच होतो, मनावर घेतलं तर होतं." ज्या बायका नाकं मुरडायच्या त्या म्हणाल्या, "आता मावशींना सांगायला हरकत नाही." सोसायटीच्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. आमच्या शिकवण्यात तसूभर फरक पडला नव्हता, उलट रविवारचे जादा तास बंद झाले होते, कारण ज्यांच्यासाठी ते घ्यायचो ती मुलंच राहिली नव्हती. पण शाळा सुधारली होती. दोघी शिक्षिकांची नोकरी टिकली, तेही खरं. शाळेनं माझा सत्कार केला, शाल दिली. ती अजून कपाटात आहे, घडी मोडलेली नाही.

त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. गजाननराव, त्यांची बायको, पायल. हातात पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, पायल पास झाली. पयल्या झटक्यात. चौसष्ट टक्के!"

"गणितात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"अठ्ठावन्न," पायल म्हणाली.

"तुमच्यामुळंच झालं, मॅडम," गजाननराव म्हणाले. "तुमी शाळेतून काढा म्हटलं म्हणून. न्हाई तं पोरगी बसली असती घरी." आणि पायलला पाया पडायला सांगितलं. ती वाकली. मी पेढा खाल्ला. ती आत असती तरी निकाल शंभरच लागला असता. एवढं गणित गणिताच्या बाईंनी मांडून बघितलं नव्हतं. पायल उभी राहिली तेव्हा तिनं माझ्याकडे नीट, सरळ बघितलं, आणि मी तिच्या आईला पाणी हवं का विचारत स्वयंपाकघरात गेले.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण बोलणं गल्लीत पसरतं आणि ते नुसतं वरच्या मजल्यांवरच पसरतं असं नाही. गजाननराव बाजूच्या इमारतीच्या वॉचमनशी बोलले. त्यांची बायको भांडी घासायला जायची, ती तिथल्या बायकांशी बोलली. दोन वर्षांत खालच्या लोकांत शाळेबद्दल एक पक्कं मत तयार झालं: शाळा चांगली आहे, पण नववीनंतर मूल काढून घ्यायचं, बाहेरून बसवायचं, म्हणजे पास होतं. खुद्द बाईंनीच सांगितलंय. वॉचमन, इस्त्रीवाले, पोळ्यांच्या मावशी आपापले अर्ज घेऊन आपणहून शाळेत जायला लागले. शाळेला आता कोणाला समजवावं लागेना. 'पालकांच्या विनंतीनुसार' हे अक्षरशः खरं झालं. माझ्या दारात बायका यायच्या, "बाई, तो सतरा नंबर कसा भरायचा?" मी म्हणायचे, "शाळेत विचारा." त्यातली किती मुलं पास झाली, किती कुठे गेली, कोणी विचारलं नाही. मीही नाही. दर वर्षी फलक लागत होता ना!

गेल्या वर्षी, एप्रिल संपताना, गजाननराव माझ्याकडे आले. कोमल नववीला होती. शाळेनं तिला अजून काही म्हटलंही नव्हतं.

"मॅडम, कोमलचा अर्ज सांगा ना. पायलचा सांगितला होता, तसाच्या तसा."

"का हो? तिला ठेवा की शाळेत."

"न्हाई मॅडम, ते रिस्क कशाले घ्यायची? पायलचं भलं झालं."

मी म्हटलं, बघू, उद्या या. दुसऱ्या दिवशी आली पायल. आता हडपसरच्या एका दवाखान्यात नर्स आहे, दोन बस बदलून जाते. ड्यूटीवरून तशीच आली होती. खुर्चीवर बसली, पाणी प्याली आणि पर्समधून कागद काढला. तेच अक्षर.

'माझी मुलगी कोमल हिला शाळेतच ठेवून दहावीस बसवावे. आम्हाला दाखला नको. आमच्या मोठ्या मुलीच्या वेळी दिलेला अर्ज आम्ही स्वखुशीने दिला नव्हता, तो वर्गशिक्षिकांनी सांगून लिहून घेतला होता.' खाली बापाची सही. त्याच्या खाली रिकामी जागा.

"पप्पांना काल रात्रीच सगळं सांगितलं," ती म्हणाली. "त्यांना खोटं वाटतं. म्हणतात, मॅडम असं करणारच नाहीत. पण माझ्यावर चिडून का होईना, सही केली. तुम्ही खाली सही करा, बाई, की हे खरं आहे. मग शाळा पण नाही म्हणणार नाही."

मला कसली भीती होती? नोकरी संपलेली, पेन्शन चालू. तरी हात उचलेना. लोक काय म्हणतील, एवढंच मनात. मी म्हटलं, "ठेवून जा गं, विचार करून देते."

"बाई," ती म्हणाली, "मला तुम्ही दहा मिनिटं दिली होती."

आवाज चढवला नाही तिनं. घड्याळाकडेही बघितलं नाही. मी पेन आणलं आणि सही केली, पूर्ण नावानं, खाली 'माजी वर्गशिक्षिका' लिहून. दोन दिवसांनी शाळेतून फोन आला, "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." माझ्याकडूनही नव्हती, मी म्हटलं. तेव्हापासून शाळेच्या कुठल्या कार्यक्रमाचं बोलावणं येत नाही. ते एक बरंच झालं. कोमल मात्र शाळेत राहिली.

आणि यंदा कोमल नापास झाली. गणितात, चार गुणांनी. मी वर्षभर मुलाकडे बंगळुरूला होते, नातवाचं करायला. आले ती निकालालाच. गजाननराव गेटवर भेटले. माझ्यावर रागवायला हवं होतं त्यांनी. ते फक्त म्हणाले, "मॅडम, पायलसारखंच करायले पायजे होतं." गल्लीतल्या खालच्या लोकांचंही आता तेच म्हणणं आहे, आणि पुरावा त्यांच्याकडे आहे. काढलेली पास, ठेवलेली नापास. मी कोणत्या तोंडानं त्यांना समजावू? समजावून एकदा झालंय.

पायल दुसऱ्या दिवशी कोमलला हाताला धरून वर घेऊन आली. "पुरवणी परीक्षा महिन्यावर आहे, बाई. हिला रोज बसवा तुमच्याकडे." मी हो म्हटलं, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

तर काल संध्याकाळी कोमल माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर कैरीची डाळ, आणि वर्गसमीकरण सुटेना म्हणून ती पेन्सिलचं टोक चावत होती. दार उघडंच होतं. लिमये काका आत आले ते बोलतच.

"ऐकलंत का बाई? सगळी पास, एक पोरगी तेवढी नापास. एका पोरीपायी शाळेचं नाव गेलं! अहो, अशांना वेळीच बाजूला करायला नको का?"

"या ना काका, बसा," मी म्हटलं. "ही बघा, तीच ती."

काका थबकले. रोज सकाळी त्यांची स्कूटर निघावी म्हणून जी पोरगी बाकीच्या गाड्या सरकवते, तिला त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितलं. "अगं, तू होय! अभ्यास कर हं," असं काहीतरी पुटपुटले आणि चहा नको म्हणून निघून गेले. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. कोमलनं पेन्सिल वहीवर ठेवली.

"बाई, मी गेले असते तर फलक लागला असता ना?"

मुलांना समजवायची माझी सगळी वाक्यं जिभेवर आली. एकही खरं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "लागला असता."

तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, अगदी तिच्या बहिणीसारखं. मग वही पुढे ओढली. मी खुर्ची तिच्या शेजारी सरकवली आणि म्हटलं, "हात काढ वहीवरून. कुठे अडलंय ते बघू दे मला."